पोटखराब्यातली सकाळ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत एका पक्षीमित्राने लिहिलंय की मार्च सरला, पाहुणे पक्षी परतले, आता दुर्बिणी कपाटात ठेवायच्या आणि थेट नोव्हेंबरात बाहेर काढायच्या. त्याच अंकाच्या आतल्या पानावर बातमी आहे की 'पडीक' जमिनींवर पावसाळ्याआधी यंत्राने खड्डे घेऊन झाडं लावणार आहेत. दोन्ही मजकूर वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले, एकमेकांना माहीतही नसतील. मला मात्र दोन्हीकडे एकच म्हणणं दिसलं : माळावर उन्हाळ्यात काही नसतं.

हेच म्हणणं मी स्वतः बत्तीस वर्षं सरकारी कागदावर लिहिलंय, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी निवृत्त तलाठी. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. आमच्या वेळी गाव 'भाऊसाहेब' म्हणायचं आणि त्यात भागायचं.) सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारामध्ये पिकांचे रकाने संपले की एक रकाना येतो, 'लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन'. त्याच्या पोटात दोन घरं, स्वरूप आणि क्षेत्र. स्वरूपाच्या घरात आम्ही 'गवतपड' लिहायचो, घाई असली तर नुसतंच 'पड'. सातवर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात. खडकाळ, लागवडीला नालायक ती वर्ग अ. रस्ता, ओढा, स्मशान अशी सार्वजनिक कामाची ती वर्ग ब. पोटखराब्याला आकारणी नाही. आकारणी नाही म्हणजे वसुली नाही, आणि वसुली नाही तिथे तलाठ्याचं पाऊल कशाला वळतंय? किती हेक्टर माळ मी असा शून्यावर काढला असेल, त्याची बेरीज कधी केली नाही.

शिवाय आम्ही पीक पाहणीला जायचो ते खरिपात आणि रब्बीत. पिकं उभी असतात तेव्हा. मार्च वसुलीत जायचा. एप्रिल-मे टंचाईत : टँकरच्या खेपा मोजा, विहीर अधिग्रहणाचे कागद करा, वरून रोज फोन. भर उन्हाळ्यात माळ तुडवायला कुणाला सवड होती? म्हणजे माळाची नोंद घ्यायला सरकारचा माणूस जायचा नेमका तेव्हा, जेव्हा तिथे कुणाचं बाळंतपण नसायचं.

पक्षी सप्ताहाचंही तेच होतं असं मला वाटतं. आपल्या राज्यात तो ५ ते १२ नोव्हेंबर असा पाळतात. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख सालिम अलींच्या. दोघांबद्दलही मला आदरच आहे, सप्ताहाला माझी हरकत नाही. पण शाळेतल्या पोरांच्या मनात त्यामुळे पक्षी म्हटलं की धुकं, तळं आणि परदेशी बदकं एवढंच बसतं. माळावरचे पक्षी काही सुट्टी घालवायला आलेले नसतात. ते इथलेच, बाराही महिन्यांचे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचा संसार मार्च ते जूनमध्ये चालतो.

निवृत्त झालो, साखर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. डांबरी रस्त्यावर पहाटेसुद्धा वाळूचे ट्रक. म्हणून गायरानाच्या वाटेला लागलो. तो एप्रिल होता. त्याला आता पाच वर्षं झाली.

आमचा तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. गावाच्या पूर्वेला गायरान आहे, सपाट, मुरमाड, मध्येच उघडा खडक. कुसळीचं गवत, हिवराची चार-दोन झाडं, बोराटीची जाळी, तरवड, रुई. एका कडेला पाझर तलाव, मेमध्ये त्याचं डबकं होतं. गावात कुणालाही विचारा, 'तिकडं काय हाय?' असंच उत्तर मिळेल.

निघायचं पाच-सव्वापाचला. मेमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, पण माळ त्याच्या कितीतरी आधी जागा असतो. सगळ्यात पहिला आवाज रातव्याचा, म्हणजे रात्री फिरणाऱ्या एका पक्ष्याचा. शहाबादी फरशीवर गोटी सोडली की ती आधी सावकाश आणि मग भरभर टप्पे घेत थरथरून थांबते ना, तस्सा. टक... टक... टक, टक, टकटकर्रर्र. नोकरीत असताना मुक्कामाच्या गावी हा आवाज मी कितीदा तरी ऐकला असेल. कुठला तरी किडा असेल म्हणून कूस बदलायचो.

या सुट्टीत नात बरोबर आहे. सहावीत गेलीय. पहिल्या दिवशी डोळे चोळत आली, चौथ्या दिवसापासून तीच मला उठवतेय. गेल्या आठवड्यात खडकाच्या कडेला मी तिला कुसळं पायजम्यातून कशी काढायची ते दाखवत होतो. समोर चार हातांवर एक वाळलेलं शेण पडलं होतं. बराच वेळ आम्ही त्याच्याकडे बघत होतो, म्हणजे त्याच्याकडे न बघता बघत होतो. मग त्या शेणाने डोळा किलकिला केला. नातीने माझी बाही घट्ट धरली. रातव्याची मादी अंड्यांवर बसली होती. घरटं असं काहीच नाही, काडी नाही, खळगासुद्धा नाही, नुसती जमीन. पिसांवर राखाडी, तपकिरी, काळ्या रेघांचं असं काम की तिची कड कुठे संपते आणि माळ कुठे सुरू होतो ते बोट ठेवून सांगता येऊ नये. डोळ्याची फक्त फट उघडी. डोळा चमकला तर सापडेल, म्हणून ती तो पूर्ण उघडत नाही. आम्ही पाठ न फिरवता तसेच मागे मागे आलो. तिला उठवलं असतं तर दोन अंडी उन्हाला उघडी पडली असती.

हा प्राणी मी 'पड' या दोन अक्षरांत लिहिला होता.

उजाडलं की चंडोलांची पाळी. त्यांच्यातला एक फार मजेशीर, चिमणीपेक्षाही लहान. नराचं पोट काळंकुट्ट, डोकं राखी. त्याला डोंबारी म्हणतात आणि ते नाव ज्या कुणी ठेवलं त्याने तो नीट पाहिलेला आहे. नर पंख फडफडवत सरळ वर चढतो, मग पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीवर आपटणार असं वाटतं तोच पुन्हा वर. असे लाटेसारखे चार-सहा झोके, बरोबर शीळ, आणि शेवटी एखाद्या ढेकळावर उतरून काही झालंच नाही असा चेहरा. मादी खाली कुठेतरी गवताच्या बुंध्याशी बसलेली असते. नातीच्या फोनमध्ये आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप आहे. त्याने दुसऱ्या एका तुरेवाल्या चंडोलाला दहा मिनिटांत तीन नावं दिली. ॲपला मी दोष देत नाही. काही चंडोल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करण्यात पटाईत असतात, त्याने बिचाऱ्याने काय करावं?

या चंडोलावरून एक गोष्ट सांगायची आहे, ती माझ्या खात्याच्या जवळची आहे. मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनची आकडेवारी गोळा करण्यासाठी विल्यम साइक्स नावाचा लष्करी अधिकारी नेमला होता. पुढे तो कर्नल झाला. जमीन, पिकं, माणसं, हवामान यांचे तक्ते करणं हे त्याचं काम. ते करता करता त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादीही केली आणि ती १८३२ साली छापली. त्या यादीत ज्याचं पहिल्यांदा वर्णन झालं तो तुरेवाला छोटा चंडोल आजही साइक्सच्या नावाने ओळखला जातो, आणि तो आपल्या या कोरड्या मुलखाचा खास रहिवासी आहे. साहेबाचं राज्य, साहेबाचा हेतू, सगळं मान्य. पण सरकारी कामावर फिरणाऱ्या माणसाला जमीन आणि तिच्यावरचा पक्षी दोन्ही एका दमात लिहिता येतात, हे त्याने दाखवलं होतं. आम्ही रकान्याबाहेर डोकं काढलं नाही.

टिटवीबद्दल थोडं सविस्तर लिहितो. तिला सगळे ओळखतात, पण बहुतेक आवाजानेच. ती जमिनीवर उथळ खळगा करते, कडेने खडे मांडते आणि चार अंडी घालते. अंडी एका बाजूला निमुळती असतात, ती टोकं आत करून ठेवलेली. रंग मुरमाचा, वर काळे-तपकिरी डाग. मला तिची पहिली ओळख करून दिली ती आमच्या सजेतल्या कोतवालांनी. नव्वद-एक्याण्णव सालची गोष्ट. हद्दीच्या एका भांडणात पंचनाम्याला आम्ही दोघे माळावरून चाललो होतो. ते एकदम थांबले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, जरा इकडनं या, टिटवी बसलीया." मी चिडलो. ऊन चढत होतं आणि हा माणूस पक्ष्यासाठी मला वळसा घालायला लावतोय. वळसा घातला, पण मान वळवून पाहिलं नाही. ते वारले. त्या अंड्यांपेक्षा त्यांचं तोंडच मला आता जास्त आठवतं, कारण त्यांना ती मला दाखवायची होती.

यंदा ती टिटवी (तीच कशी असेल, पण मी तीच म्हणतो) गेल्या वर्षीच्याच जागेपासून वीसेक पावलांवर बसलीय. मी लांबून, हिवराखाली बसून दुर्बिणीने पाहतो. सकाळी आठपर्यंत ती निवांत. नऊनंतर जमीन तापते, हात टेकवत नाही. मग अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात. ती उठून उभी राहते आणि पंख सैल सोडून आपली सावली अंड्यांवर धरते. थोड्या वेळाने जोडीदार येतो, ती उडत डबक्याकडे जाते, पाण्यात बसते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. एका सकाळी तासाभरात मी अशा तीन खेपा मोजल्या. टँकरच्या खेपा मोजायची सवय, दुसरं काय.

पाणी वाहून नेणारा दुसरा पक्षी पखुर्डी. कबुतराएवढी, मातीच्या रंगाची, कळपाने येते. उन्हं वर आल्यावर, साधारण आठ वाजता, 'कुट-रो, कुट-रो' करत डबक्यावर उतरते, पाच-दहा घोट आणि लगेच परत. पण पिल्लं असली की नर जरा जास्त वेळ पाण्यात बसून राहतो. त्याच्या पोटावरच्या पिसांची रचनाच पाणी धरून ठेवणारी असते. तो ते पाणी लांब पिल्लांपर्यंत नेतो आणि पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोखून पाणी पितात. मीड-वॉल्डो नावाच्या एका इंग्रज माणसाने पाळलेल्या पखुर्ड्यांमध्ये हे पाहून १८९६ साली लिहिलं, तेव्हा पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. पुढे १९६७ साली दोन शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या पखुर्ड्यांवर नीट अभ्यास करून ते खरं असल्याचं दाखवलं, मग लोक गप्प बसले. मी स्वतः पिल्लांना पाणी पाजताना पाहिलेलं नाही. नराला पाण्यात पोट घासत बसलेला पाहिलंय, तेवढ्यावर माझं समाधान आहे.

बाकीच्यांची नुसती हजेरी लावतो. धाविक, जो चार पावलं पळतो आणि खिळा ठोकल्यासारखा थांबतो. तित्तिर. तारेवर बसून पकडलेली माशी तारेलाच आपटणारे वेडे राघू. ओढ्याच्या दरडीत त्यांची बिळं आहेत. बाभळीच्या काट्याला टोळ टोचून ठेवणारा खाटीक. भुईतून चोचीने किडे ओढणारा हुदहुद. हवेत कोलांट्या घेणारा नीलपंख. आणि मे संपता संपता पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' करत शेतकऱ्याच्या मागे लागतो, तेव्हा गावातल्या कुणालाही पक्षी दिसत नाही असं म्हणता येत नाही. ऐकू तरी येतोच.

आठनंतर पक्षी मंदावतात आणि फुलपाखरं उठतात. त्यांना अंग तापल्याशिवाय उडता येत नाही. पहाटे ती गवताच्या काडीला पंख मिटून लटकलेली असतात, ऊन लागलं की पंख उघडून शेकत बसतात. पुष्कळांचा समज असा की फुलपाखरं पावसाळ्यानंतरची. संख्येने तेव्हाच जास्त, हे खरं. पण उन्हाळ्यातल्यांची गंमत वेगळी. काही जातींचा पेहराव ऋतूप्रमाणे बदलतो : पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूला मोठे डोळ्यांसारखे ठिपके, उन्हाळ्यात जन्मलेल्याला ते ठिपके जवळजवळ नाहीत, नुसता वाळक्या पानाचा रंग. हिरव्या गवतात डोळे वटारून भागतं, वाळलेल्या गवतात पाचोळा व्हावं लागतं.

आमच्याकडे त्यांची जमण्याची जागा पाझर तलाव नाही. तिथे गुरं, चिखल, धांदल. खरी जागा आहे नळयोजनेच्या पाइपलाइनचा एअर व्हॉल्व्ह. तो कित्येक महिने गळतोय. त्याच्याभोवती ताटाएवढी ओल आहे आणि साडेआठ-नऊला त्या ओलीवर पिवळीधमक, पांढरी, निळसर अशी तीस-चाळीस फुलपाखरं पंख मिटून, एकमेकांना खेटून बसलेली असतात. पाणीपुरवठ्याने गळती काढू नये असं मी म्हणत नाही. (निवृत्त असलो तरी महसूलचा माणूस आहे.) एवढंच म्हणतो की पाणी वाया जातंय हे सर्वस्वी खरं नाही.

परवा नात त्या ओलीजवळ पालथी पडून बघत होती. लिंबाच्या झाडावर वाढणारं ते काळं-पिवळं, टपोरं फुलपाखरू असतं, ते सोंड खुपसून बसलं होतं. ती ओरडली, "आबा, हे पितंय पण आणि सू पण करतंय!" मी चष्मा लावून वाकलो. खरंच, पुढून सोंड चिखलात आणि मागून थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा थेंब. याचं कारण मी वाचलेलं होतं, पाहिलं मात्र पहिल्यांदा, आणि तेही तिने दाखवल्यावर. चिखलावर येतात ते बहुतेक नर. त्यांना पाणी नको असतं, त्यातला क्षार हवा असतो. क्षार ठेवून घ्यायचा, पाणी सोडून द्यायचं. तो क्षार मीलनाच्या वेळी मादीकडे जातो आणि तिच्या अंड्यांच्या कामी येतो. मी हे नातीला जमेल तेवढं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि घरी जाऊन आजीला फक्त सू सांगितली.

रुईचं एक झाड मी तिला नेमून दिलंय. माळावर मेमध्ये हिरवं असं फार थोडं राहतं, त्यात ही रुई. गुरं तोंड लावत नाहीत, शेतकरी बांधावर दिसली की कुदळ घालतो. तिच्या पानावर पांढरे, काळे, पिवळे पट्टे असलेली, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या मिरवणारी अळी सापडते. पान खाण्याआधी ती शीर चावून चीक वाहून जाऊ देते आणि मग निवांत जेवते. चिकातलं जे विष तरीही पोटात जातं ते ती साठवते आणि पुढे तिचं जे नारिंगी फुलपाखरू होतं, प्लेन टायगर, त्याच्या अंगातही ते उतरतं. पक्ष्याने एकदा खाल्लं की पुन्हा वाटेला जात नाही. म्हणूनच ते इतकं संथ उडतं. त्याला घाई नाही. आणि डॅनाइड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या एका, अजिबात विषारी नसलेल्या, फुलपाखराची मादी हुबेहूब हाच पोशाख करून त्याच्या नावावर फिरते. तोतयेगिरीची प्रकरणं मी नोकरीत पुष्कळ पाहिली, इतकं चोख काम एकाही इसमाचं नव्हतं.

राज्य फुलपाखराचा मान ब्लू मॉर्मनला आहे. २०१५ साली तो दिला, आणि असं फुलपाखरू ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं. देखणंच आहे, पण आमच्या माळावर मी ते एकदाही पाहिलेलं नाही. झाडीतलं आहे ते. जंगल म्हणजे झाडी आणि झाडी म्हणजे निसर्ग, हा आपला सगळ्यांचाच हिशोब झालाय, त्यामुळे गवताच्या वाट्याला मान येत नाही. माळढोकासाठी सोलापूर-नगर भागात १९७९ साली अभयारण्य झालं. आज तिथे एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. आपल्याच पेपरात येते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

पहिलं म्हणजे आग. एप्रिल-मेमध्ये बांध आणि माळ पेटवतात, नवं गवत जोमाने येतं म्हणून. पेटलेल्या माळावर घारी आणि कोतवाल (पक्षी कोतवाल, आमचे नव्हेत) लगेच जमतात, कारण धुरातून टोळ-किडे बाहेर उडतात आणि ते आयते पकडता येतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, पक्षी आले. अंडी मात्र उडत नाहीत. गेल्या वर्षी जळालेल्या पट्ट्यात मला चंडोलाचं घरटं सापडलं, वाटीएवढं, आत दोन अंडी, भाजून तडकलेली. नात तेव्हा बरोबर नव्हती हे बरं झालं.

दुसरे खड्डे. गेल्या मेमध्ये आमच्या गायरानावर वृक्षलागवडीचं काम निघालं. खात्याचं नाव लिहीत नाही. काम करणारे लोक वाईट नव्हते, त्यांना कागदावर 'पड' लिहून दिलं होतं, आणि ते लिहिणाऱ्यांपैकी मी एक. यंत्राने ओळीत खड्डे पडत होते. एका जागी टिटवी यंत्राच्या तोंडावर येऊन कोकलायला लागली. चालवणारा पोरगा आमच्याच पंचक्रोशीतला, विशीतला. त्याने यंत्र बंद केलं, खाली उतरला, वाकून शोधलं, आणि चारही बाजूंनी हाताच्या अंतरावर मोठे दगड लावून ठेवले. तेवढी जागा सोडून यंत्र पुढे नेलं. संध्याकाळी मोजमापाला आलेल्या साहेबांनी त्याला फैलावर घेतलं : ओळीत एक खड्डा कमी. मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही. बत्तीस वर्षं साहेबासमोर न बोलण्यात गेली, ती सवय पेन्शनबरोबर सुटत नाही. हे पत्र म्हणजे त्या संध्याकाळचं राहिलेलं बोलणं समजा.

माझं मागणं मोठं नाही. झाडं लावू नका असं मी म्हणत नाही. ओढ्याकाठी लावा, रस्त्याकडेला लावा, गावठाणात लावा. उघडा गवताळ माळ तेवढा सोडा. सोडता येत नसेल तर यंत्र घालायच्या आदल्या सकाळी, सहा ते आठ, दोन माणसं त्या ओळीवरून चालवा. गुराखी घ्या, त्याला सगळं ठाऊक असतं. अंडी दिसतील तिथे दगड लावा आणि तो खड्डा मोजमापात सूट धरा. आणि २०२१ पासून पीक पाहणी शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो. त्यात पडीचा फोटो काढायचाच असेल तर तो एकदा मेमध्ये काढायला सांगा. केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, २०१९ मध्ये काढला होता. उपग्रहाला वरून आमचा माळ पडीकच दिसणार, रातवा मला चार हातांवरून दिसला नाही.

आपल्या पक्षीमित्रांनाही विनंती, दुर्बीण कपाटात ठेवू नका. पण मे महिन्यात माळावर येणार असाल तर वाटेवरूनच चाला, पक्षी बसलेला उठवू नका, आणि नऊनंतर परत फिरा. तुम्ही उभे असेपर्यंत टिटवी अंड्यांवर येत नाही, आणि तापल्या मुरमावर दहा मिनिटंसुद्धा फार होतात.

पत्र लांबलं. कात्री लावायची असेल तर माझ्या आठवणींना लावा, खड्ड्याचा भाग ठेवा.

गावाचं, तालुक्याचं नाव आणि माझी सही छापू नये. संकोच म्हणून नव्हे. गेल्या साली कुणीतरी धाविकाच्या अंड्यांचा फोटो जागेसकट मोबाइलवर फिरवला आणि रविवारी तिथे सहा मोटारसायकली आल्या. आमच्या टिटवीची आज बाविसावी सकाळ आहे. साधारण अठ्ठावीस दिवस लागतात. नातीची शाळा पुढच्या महिन्यात सुरू होते, तोपर्यंत तिला पिल्लं बघायची आहेत.

आपला,
एक निवृत्त तलाठी